सिमेंटची जात आणि काँक्रीटचे वय



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले ते कामगार चळवळीवर बोलण्यासाठी. मी त्यांना उलट विनंती केली, की चळवळीवर मी बारा महिने बोलतोच आहे. एक दिवस मला सिमेंटवर बोलू द्या. ती त्यांनी मोठ्या मनाने मान्य केली. मी इंजिनियर नव्हे. माझे शालेय शिक्षण दहावीपर्यंतचे, तेही रात्रशाळेतले. पुढचे जे काही झाले ते वाचनालयात आणि रद्दीच्या दुकानांत. पण तीस वर्षे मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिमेंट कारखान्यांत, पॅकिंग प्लँटवर आणि लोडिंगवर काम करणाऱ्या माणसांत वावरलो आहे. जे सिमेंट आमच्या नाकातोंडात जाते ते पोत्याबाहेर पडल्यावर पुढे पन्नास वर्षे काय करते, हे समजून घेण्याचा आम्हांला हक्क आहे असे मी मानतो.

आरंभी एका दाराची गोष्ट सांगतो.

२००९ साली आमच्या युनियनने स्वतःचे सभागृह बांधले. दरेक सभासदाने एकेक पोते सिमेंट द्यायचे ठरले, आणि लोकांनी ते हौसेने दिले. सभागृहाच्या मधल्या बीमचा गाळा बावीस फुटांचा, म्हणजे ६.७ मीटर. बीम आणि स्लॅब २० एप्रिलला ओतले. उद्घाटन १ मे रोजी, कामगारदिनी ठरलेले. पाहुण्यांना पत्रे गेलेली. मिस्त्री म्हणत होता, "भाऊ, टेकू आणखी पंधरा दिवस राहू द्या." बांधकाम समितीचा अध्यक्ष मी होतो. टेकूंच्या जंगलात सभा कशी भरवणार? २९ एप्रिलला, म्हणजे नवव्या दिवशी, मी टेकू काढायला लावले. सभा उत्तम झाली. बीमला डोळ्यांना दिसेल अशी एक चीरही गेली नाही. मिस्त्रीची मी चारचौघांत थोडी थट्टाही केली.

पुढे त्या बीमखाली लाकडी पार्टिशन घालून कचेरीची खोली केली आणि तिला दार बसवले. ते दार दर पावसाळ्यात अडकू लागले. लाकूड फुगते असे म्हणून सुतार दर श्रावणात येऊन रंधा मारून जाई. २०१६ च्या चैत्रात मात्र, ऊन बेचाळीस अंशांवर गेलेले असताना, दार अडकले. त्या दिवसांत लाकूड फुगत नाही, आक्रसते. मी बीमच्या दोन टोकांना सारख्या उंचीवर खुणा करून बाजूने दोरी ताणायला लावली. टोकांच्या मानाने बीमचा मध्य ३१ मिलिमीटर खाली होता. दार फुगले नव्हते. वरचे काँक्रीट खाली आले होते, आणि सात वर्षे ते येतच होते.

दगडासारखे घट्ट झालेले काँक्रीट, वरचे वजन वाढलेले नसताना, सात वर्षे खाली कसे येत राहते? माझे वाचन या प्रश्नापासून सुरू झाले. आणि वाचता वाचता असे ध्यानात आले, की हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी एका फार मोठ्या माणसाला एका पुलावर पडला होता.

विसाव्या शतकाच्या आरंभी लोखंडी सळ्यांचे काँक्रीट नवे होते. तो एक कृत्रिम दगड आहे अशी विद्वानांची समजूत होती. वजन ठेवले की दगड जेवढा दबायचा तेवढा त्याच क्षणी दबतो, वजन काढले की पूर्ववत होतो, मध्ये कितीही काळ लोटला तरी फरक नाही, असे ते गृहीत धरीत. फ्रान्स सरकारने १९०६ साली काँक्रीटच्या बांधकामाचे नियम काढले त्यांतही हीच समजूत होती. गंमत अशी, की पुढच्याच वर्षी, १९०७ साली, अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठातल्या हॅट नावाच्या प्राध्यापकाने काँक्रीटचे बीम वजनाखाली ठेवून दिले आणि ते दिवसेंदिवस अधिकाधिक वाकत जातात असे छापून प्रसिद्ध केले. पण छापलेले सगळे वाचले जाते असे थोडेच आहे?

फ्रान्समध्ये आल्ये नदीच्या खोऱ्यात तेव्हा युजेन फ्रेसिने नावाचा तरुण सरकारी इंजिनियर काम करीत होता. जन्म १८७९ चा. नदीवर ल व्हर्द्र, बूतिरों आणि शातेल-द-नव्ह्र या तीन ठिकाणी पूल हवे होते. एका पुलाच्या अंदाजपत्रकात तिन्ही पूल बांधून देण्याची योजना त्याने मांडली आणि मेर्सिए नावाच्या ठेकेदाराने ती उचलली. ल व्हर्द्रच्या पुलाला काँक्रीटच्या तीन कमानी, प्रत्येक गाळा सुमारे सत्तर मीटरांचा, आणि कमानी अतिशय चपट्या. कमान जितकी चपटी तितकी तिची अडचण मोठी. तिची लांबी थोडीशी जरी आखडली तरी माथा बराच खाली येतो. १९११ च्या सुमारास या कमानी उभ्या राहिल्या. खालचा लाकडी साचा सोडवण्यासाठी फ्रेसिनेने नवी युक्ती केली. कमानीच्या माथ्याशी फट ठेवून तीत जॅक बसवले, आणि त्यांच्या रेट्याने कमानीचे दोन अर्धे एकमेकांपासून दूर ढकलून कमान साच्यावरून अलगद उचलली. पुलाची वजनाची चाचणी झाली, वाहवा झाली, वाहतूक सुरू झाली.

काही महिन्यांनी फ्रेसिनेच्या नजरेला कठड्याची रेघ खटकली. सरळ असायला हवी ती मध्यावर झुकलेली दिसत होती. मोजले तेव्हा कमानींचे माथे उतरत चाललेले आढळले, आणि उतरण्याचा वेग कमी होण्याऐवजी वाढत होता. माथा सुमारे १३ सेंटिमीटरपर्यंत खाली आला होता. अशा चपट्या कमानीला आणखी थोडे उतरणे म्हणजे एका दिवशी उलटी होऊन नदीत पडणे. वरिष्ठांना कळवावे तर त्यांच्या नियमपुस्तकाप्रमाणे हे घडूच शकत नव्हते. त्याने कोणालाच कळवले नाही. रात्री सायकलवर बसून तो पुलाकडे गेला, बिगे नावाच्या आपल्या माणसाला आणि आणखी तिघा भरवशाच्या माणसांना झोपेतून उठवले, आणि पहाटेच्या उजेडात चौघांकरवी माथ्याच्या फटींत जॅक लावून कमानी पुन्हा वर उचलल्या. मग फटी काँक्रीटने भरून माथ्याचा सांधाच बंद करून टाकला. पूल वाचला. पुढे दुसऱ्या महायुद्धात तो नष्ट झाला. त्याचा भाऊ बूतिरोंचा पूल मात्र विशी शहराजवळ उभा आहे.

ही हकीकत फ्रेसिनेने म्हातारपणी स्वतः सांगितली आहे. बिगेचे नाव त्याने घेतले, त्या तिघांचे घेतले नाही. माझ्यासारख्याला ही गोष्ट खुपल्यावाचून राहत नाही. पण तेवढे सोडले तर एवढ्या मोठ्या माणसाने आपली भीती आणि आपली लपवाछपवी इतक्या मोकळेपणाने सांगावी याचे मला कौतुकच वाटते.

त्या पहाटेतून त्याने जे शिकून घेतले त्यावर पुढची सगळी पूल-बांधणी उभी आहे. काँक्रीटला सळ्यांनी आधीच आवळून धरावे, म्हणजे त्याला तडे जाणार नाहीत, ही कल्पना त्याच्या आधीच्या लोकांनाही सुचली होती. त्यांचे प्रयोग फसले, आणि का फसले हे त्यांना कळले नाही. काँक्रीट सुकताना आटते आणि वजनाखाली दमादमाने दबते. दोन्ही मिळून काही वर्षांत मीटरमागे अर्धा ते एक मिलिमीटर आखडते. त्या काळच्या साध्या सळईला ताणून ताणून मीटरमागे पाऊण मिलिमीटरही लांबवता येत नसे. म्हणजे सळईला दिलेला ताण काँक्रीट हळूहळू गिळून टाकी. फ्रेसिनेने उच्च प्रतीची पोलादी तार घेतली. तिला मीटरमागे चार-पाच मिलिमीटर ताणता येते. काँक्रीट त्यातला एक मिलिमीटर खाईल, तीन-चार उरतील. १९२८ साली जाँ सेयाय याच्याबरोबर त्याने याचे पेटंट घेतले. आज आपण ज्याला प्रीस्ट्रेस्ड काँक्रीट म्हणतो ते हे.

इंग्रजीतून या दमाने दबण्याला 'क्रीप' म्हणतात. मुंगीच्या पावलांनी सरकणे असा त्याचा भाव. मी त्याला 'संथ दबणे' म्हणेन.

फ्रेसिनेच्या पहाटेनंतर वीस वर्षांत हा विषय प्रयोगशाळांत गेला. इंग्लंडमध्ये वॉटफर्डजवळच्या बांधकाम संशोधन केंद्रात ग्लॅनव्हिल याने १९३० साली आपली मोजमापे प्रसिद्ध केली. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील प्रयोगशाळेत रेमंड डेव्हिस आणि त्याचे सहकारी काँक्रीटचे नळकांडे स्प्रिंगांच्या चौकटीत आवळून वर्षानुवर्षे मोजत बसले. त्यांतल्या काही नमुन्यांचे निष्कर्ष १९५८ साली छापले गेले तेव्हा नमुन्यांचे वय तीस वर्षांच्या घरात गेले होते. एका माणसाने तरुणपणी आवळलेला स्क्रू त्याने निवृत्तीच्या वयात वाचावा, असे हे शास्त्र आहे. त्यांनी काढलेली सरासरी अशी: वीस वर्षांत जेवढे संथ दबणे होते त्याचा चौथा हिस्सा पहिल्या दोन आठवड्यांत, निम्म्याहून थोडे अधिक तीन महिन्यांत आणि सुमारे तीन चतुर्थांश पहिल्या वर्षात उरकतो. उरलेला चौथा हिस्सा एकोणीस वर्षे पुरतो. आणखी असे दिसले, की कोरड्या हवेत ठेवलेले काँक्रीट दमट हवेतल्या काँक्रीटपेक्षा किती तरी अधिक दबते. आमच्या चंद्रपूरचा वैशाख ज्यांनी पाहिला आहे त्यांनी ही गोष्ट मनात ठेवावी.

आता सिमेंटकडे येतो. काँक्रीटमध्ये खडी असते, वाळू असते, सिमेंट आणि पाणी असते. खडी दबत नाही. दबते ते सिमेंट आणि पाणी यांच्या संयोगाने झालेला चिकट गर. तोच सगळ्याला बांधून ठेवतो आणि तोच वजनाखाली हळूहळू सरकतो. तेव्हा सिमेंट बदलले की दबणे बदलेल, हे उघड दिसते. पण कोणते सिमेंट चांगले, या प्रश्नाला प्रयोगशाळा बराच काळ सरळ उत्तर देईनात.

आमच्या कारखान्यात भट्टीतून १४५० अंशांच्या आसपास भाजून निघालेला काळपट गोटी-गोटीचा माल येतो, त्याला क्लिंकर म्हणतात. त्यात चार घटक मुख्य. त्यांतली दोन सिलिकेटे आपल्याला महत्त्वाची: ट्रायकॅल्शियम सिलिकेट हे घाईचे, पहिल्या काही आठवड्यांत आपले बहुतेक बळ देऊन टाकणारे, डायकॅल्शियम सिलिकेट हे सावकाशीचे, महिन्या-दोन महिन्यांनंतर खरे कामाला लागणारे. पहिले वाढवले आणि दळण बारीक केले, की झटपट घट्ट होणारे सिमेंट मिळते. दुसरे वाढवले, की कमी उष्णतेचे, संथ सिमेंट मिळते. क्लिंकरबरोबर औष्णिक वीजकेंद्राची राख मिसळली, की तेही सुरुवातीला संथ चालते, कारण राख आधी सिमेंटमधून चुना सुटण्याची वाट पाहते आणि मगच आपले काम करते.

अमेरिकेत १९३० नंतर हूव्हर धरण बांधायला घेतले तेव्हा हा प्रश्न ऐरणीवर आला. इतके काँक्रीट एका जागी ओतले की सिमेंटच्या उष्णतेने ते आतून तापते, आणि पुढे निवताना तडकते. म्हणून डेव्हिसच्या प्रयोगशाळेने अनेक सिमेंटे तपासली आणि धरणासाठी कमी उष्णतेचे सिमेंट वापरले गेले. शिवाय काँक्रीटमध्ये नळ्या घालून त्यांतून थंड पाणी फिरवले. त्या तपासणीत संथ सिमेंटाचे काँक्रीट साध्या सिमेंटापेक्षा अधिक दबते असे आढळले. धरणात ते उपकारकच ठरते. निवताना पडणारा ताण काँक्रीट थोडे सरकून सैल करते. पण पुलाच्या बाबतीत तोच गुण दोष होतो. मग असा समज पसरला, की संथ सिमेंट म्हणजे दबणारे सिमेंट. इतरांच्या प्रयोगांत मात्र कधी असे दिसे, कधी उलटे.

हा गुंता ज्याने बराचसा सोडवला त्याचे नाव ॲडम नेव्हिल. पोलंडात जन्मलेला, महायुद्धात पोलिश सैन्यातून मॉन्टे कॅसिनोला लढलेला आणि पुढे इंग्लंडात स्थायिक झालेला हा माणूस. त्याचे काँक्रीटवरचे पुस्तक १९६३ साली प्रथम निघाले. त्याची एक फाटकी प्रत मला नागपूरला रद्दीत मिळाली, आणि शब्दकोश शेजारी ठेवून ती वाचायला मला दोन वर्षे लागली. सिमेंट आणि संथ दबणे यांच्या नात्यावर त्याने १९५९ साली एक निबंध लिहिला होता. त्याचे म्हणणे माझ्या भाषेत सांगतो. सिमेंटची जात विचारू नका. वजन ठेवले त्या दिवशी काँक्रीटच्या अंगात बळ किती होते ते विचारा. अंगावरचे ओझे आणि अंगातले बळ यांचे प्रमाण सारखे असेल तर पोर्टलँड सिमेंटाच्या सगळ्या जाती जवळजवळ सारख्याच दबतात. जो फरक उरतो तो संथ सिमेंटाच्या बाजूचा असतो, कारण वजन अंगावर घेतल्यानंतरही त्याचे बळ वाढत राहते आणि पुढचे दबणे कमी होते. घाईच्या सिमेंटाने आपले बळ आधीच खर्चून टाकलेले असते.

डेव्हिसचे प्रयोग चूक नव्हते. सगळ्या सिमेंटांवर एकाच दिवशी, एकाच वयाला, सारखे वजन ठेवले तर संथ सिमेंट अधिक दबणारच, कारण त्या दिवशी ते लहान असते. दोन मुलांचा जन्म एका दिवशीचा असला तरी एक दहाव्या वर्षी पाण्याची घागर उचलते, दुसरे बाराव्या वर्षी. दोघांच्या डोक्यावर दहाव्या वर्षीच घागर ठेवली आणि दुसऱ्याची मान आखडली, तर दोष त्या मुलाचा नव्हे.

पुढे हे म्हणणे नियमपुस्तकांत शिरले, आणि ते ज्या रीतीने शिरले ती मला फार आवडली. युरोपातल्या तज्ज्ञांनी १९९० साली काँक्रीटची एक नमुना-नियमावली तयार केली. तिच्यात आणि पुढच्या युरोपीय नियमांत संथ दबण्याचे गणित दिले आहे. त्यात सिमेंटच्या जातीसाठी निराळा गुणांक नाही. जात पाहून काँक्रीटचे वयच बदलायचे आहे! त्यांचे सूत्र घेऊन मी लॉगॅरिथमच्या कोष्टकावर हिशेब केला. सात दिवसांचे काँक्रीट साध्या सिमेंटाचे असेल तर त्याचे वय सातच धरायचे. संथ सिमेंटाचे असेल तर चार दिवस धरायचे. झटपट सिमेंटाचे असेल तर बारा. त्यामुळे अठ्ठाविसाव्या दिवसाचे बळ सारखे ठरवून बनवलेली दोन काँक्रीटे सातव्या दिवशी वजनाखाली आली, तर संथ सिमेंटाचे झटपट सिमेंटापेक्षा सुमारे २३ टक्के अधिक दबेल. तीच दोन्ही अठ्ठाविसाव्या दिवशी वजनाखाली येऊ दिली तर फरक ६ टक्क्यांवर येतो. तीन आठवडे थांबले, की सिमेंटच्या जातीचा प्रश्न जवळजवळ मिटतो.

येथे कोणी म्हणेल, मग सरसकट झटपट सिमेंटच का वापरू नये? उत्तर असे, की झटपट सिमेंट घेणारा माणूस ते थांबण्यासाठी घेत नाही. मिळालेला वेळ तो लगेच खर्च करतो. टेकू सातव्या ऐवजी चौथ्या दिवशी काढतो, आणि काँक्रीट पुन्हा लहानपणीच ओझ्याखाली येते. आमच्याकडे यंत्र बदलून पाळीचे काम सहा तासांत होऊ लागले तेव्हा उरलेले दोन तास कामगाराला मिळाले नाहीत, हे सांगायला नको.

या घाईचे टोक इंग्लंडमध्ये दिसले. हाय-ॲल्युमिना सिमेंट ही वेगळीच जात, फ्रान्समध्ये विसाव्या शतकाच्या आरंभी निघालेली. तिचे काँक्रीट चोवीस तासांत इतके बळ धरते, की महायुद्धानंतर कारखान्यांत छपरांचे तयार बीम ओतणाऱ्यांनी ती उचलून धरली. आज ओतलेला बीम उद्या साच्याबाहेर. उष्णता आणि ओल लागली की या सिमेंटाची अंतर्गत घडण बदलते व बळ खूप घटते. नेव्हिलने १९६३ साली हे स्पष्ट लिहिले आणि पुष्कळांचा रोष ओढवून घेतला. १९७३ साली लंडनमधल्या कॅम्डेनच्या मुलींच्या शाळेत सभागृहाचे छप्पर कोसळले. १९७४ च्या फेब्रुवारीत स्टेपनी येथील एका शाळेत पोहण्याच्या तलावावरचे छप्पर कोसळले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. हे संथ दबण्याचे उदाहरण नव्हे, बळ घटण्याचे आहे. तरीही ते सांगितले, कारण चोविसाव्या तासाचा आकडा पाहून पन्नास वर्षांचा निर्णय घेतला गेला, तो असा.

आणि शेवटचा पूल. प्रशांत महासागरात पलाऊ नावाचा बेटांचा देश आहे. तेथील कोरोर आणि बाबेलदाओब या दोन बेटांना जोडणारा प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटचा पूल १९७७ साली झाला. दोन्ही किनाऱ्यांवरून दोन हात पुढे आणून मध्ये बिजागरीने जोडलेले. मधला गाळा २४१ मीटरांचा, त्या प्रकारात तेव्हा जगात सर्वांत मोठा. अठरा वर्षांत त्याचा मध्य ठरवलेल्या पातळीच्या खाली १.३९ मीटर गेला. ल व्हर्द्रला बोटांनी मोजलेले अंतर येथे माणसाच्या छातीपर्यंत आले. १९९६ साली मधली बिजागरी काढून, जादा तारा ओढून दुरुस्ती केली. आणि दुरुस्तीला तीन महिने होतात न होतात तोच, २६ सप्टेंबर १९९६ रोजी, पूल कोसळला. दोन माणसे दगावली, चौघे जखमी झाले. कोसळण्याच्या कारणांवर तज्ज्ञांत वाद आहे. दुरुस्तीचा त्यात हात असावा असे पुष्कळांचे मत. झुकण्याविषयी मात्र वाद नाही.

खटला तडजोडीने मिटला आणि कागदपत्रे गुप्त राहिली. तडजोडीची कागदपत्रे गुप्त ठेवण्याची रीत आम्हा युनियनवाल्यांना नवी नाही. प्राग शहरात जन्मलेले आणि अमेरिकेत शिकवणारे प्राध्यापक बाझांत यांनी व इतरांनी नेट लावला, तेव्हा २००८ साली ती बाहेर आली. बाझांत यांनी जगातल्या इतर अनेक पुलांच्या नोंदी गोळा केल्या. संथ दबणे काही वर्षांनी थांबते असे नियमपुस्तके धरून चालली होती. पुष्कळ पूल थांबलेले नव्हते. वेग कमी होतो, पण दबणे चालूच राहते. पुढे त्यांच्या मंडळींनी २०१५ साली जे गणित मांडले त्यात साधे, झटपट आणि संथ अशा तीन सिमेंटांना निरनिराळे आकडे आहेत. म्हणजे सगळा प्रश्न वयात विरघळला असे म्हणणेही पुरते खरे नाही. पण थोर वाटा वयाचाच.

आता आपल्या पोत्याकडे. बाजारात पन्नास किलोची पोती शेजारी शेजारी रचलेली असतात. रंग तोच, वजन तेच. पण भारतीय मानकांप्रमाणे सातव्या दिवशीचे किमान बळ पाहिले तर ५३ ग्रेडच्या साध्या सिमेंटाला ३७ लागते, ४३ ग्रेडला ३३, आणि पीपीसी म्हणजे राखमिश्रित सिमेंटाला २२. हे आकडे न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरचे. पीपीसीत १५ ते ३५ टक्के राख असते. आमच्या लोकांत पुष्कळ दिवस असा समज होता, की राख म्हणजे भेसळ. मीही तसे बोललो आहे, दोन-तीन गेट-सभांत. ते चूक होते. पाणी नीट मारले आणि वेळ दिला तर हे सिमेंट महिन्यांमागून महिने बळ धरीत जाते आणि उशिरा वजन घेतल्यास दबण्यातही कोणाला हार जात नाही. त्याला फक्त वेळ लागतो, आणि तेवढीच एक गोष्ट आमच्याकडे कोणी देत नाही.

काँक्रीटच्या भारतीय मानकाच्या २००० सालच्या आवृत्तीत टेकू किती दिवस ठेवायचे ते लिहिले आहे. सहा मीटरपर्यंतच्या बीमला चौदा दिवस, त्याहून मोठ्याला एकवीस. हे साध्या सिमेंटासाठी. इतर सिमेंटांसाठी काय? 'योग्य तो बदल करावा' एवढेच. हा योग्य बदल कोण करणार? इंजिनियर आठवड्यातून एकदा येतो. सेंट्रिंगवाल्याच्या फळ्या दुसऱ्या साइटवर हव्या असतात, त्याचे भाडे दिवसावर असते. गवंड्याला पोत्यावरची बारीक अक्षरे वाचायला कोणी शिकवलेले नसते. त्याच मानकात संथ दबण्याचे तीन आकडे आहेत: सातव्या दिवशी वजन घेतले तर २.२, अठ्ठाविसाव्या दिवशी १.६, वर्षाने १.१. म्हणजे टेकू काढताच बीम जितका वाकेल त्याच्या सव्वादोन पट आणखी, की दीडपटीहून थोडे अधिक, की जवळपास तेवढाच, हे टेकू काढण्याच्या दिवसावर ठरते. त्या तीन आकड्यांत सिमेंटची जात नाही.

आमच्या सभागृहाचा हिशेब सांगून थांबतो. सभासदांनी दिलेली पोती बहुतेक सगळी पीपीसीची होती. आम्हीच भरलेली, आम्हीच शिवून ट्रकवर चढवलेली. ६.७ मीटरच्या बीमला एकवीस दिवस हवे होते, पीपीसीसाठी थोडे अधिक, आणि वैशाखाच्या तोंडावर भरपूर पाणी. मी नऊ दिवस दिले. मानकाप्रमाणे अखेरचा झोल गाळ्याच्या अडीचशेव्या हिश्श्यावर, म्हणजे २७ मिलिमीटरवर जाऊ नये. आमचा ३१ होता. त्यातला थोडा फळ्या आधीच दबल्यामुळे ओततानाच आला असेल, तो वेगळा काढता येत नाही. बीमला धोका नाही असे तपासून गेलेल्या इंजिनियरने लिहून दिले आहे. मिस्त्री आता हयात नाही. त्याच्या मुलाला मी ही सारी हकीकत सांगितली, तेव्हा तो म्हणाला, "बाबा घरी येऊन एवढंच म्हणाले होते, की भाऊंनी घाई केली."

तेव्हापासून दर पाडव्याला आम्ही दोरी ताणून पार्टिशनवर पेन्सिलची रेघ मारतो. २०१६ ला ३१, २०१९ ला ३२. यंदा ३३ भरले. सुताराने दाराची वरची चौकट अर्धा इंच खाली घेतली आहे.